घासूमामांनी धुतलेले इन्सुलेटर

आमचे साडू स्वस्थ बसलेले मी फारसे पाहिलेले नाहीत. त्यांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा त्यांचा एक हात धुरकट आलाय. फोटोवाला ‘हलू नका’ म्हणत होता आणि यांना नेमकी तेव्हाच नवरीच्या खुर्चीवरची धूळ दिसली. मी त्यांच्या अगदी उलट. बसायला मिळत असेल तर उभं राहू नये आणि आडवं व्हायला मिळत असेल तर बसू नये, हे माझं तत्त्वज्ञान, आणि त्याने माझं आजवर काही बिघडलेलं नाही. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. दोघी भेटल्या की एक म्हणते आमचे हे बसत नाहीत, दुसरी म्हणते आमचे हे उठत नाहीत, आणि मग दोघी मिळून आम्हाला चहा करायला पिटाळतात.

कामाच्या ठिकाणीही आम्ही एकत्रच. शहराबाहेर विजेचं मोठं उपकेंद्र आहे. तिथे मी स्टोअर सांभाळायचो आणि ते यार्डात असत. यार्ड म्हणजे लोखंडी सांगाड्यांचं रान. वरून तारा जातात, आणि प्रत्येक तार जिथे सांगाड्याला धरलेली असते तिथे मधे इन्सुलेटर असतो. जुने इन्सुलेटर चिनीमातीचे होते, तपकिरी, चकचकीत, उपड्या बशा एकावर एक रचाव्यात तसे. तारेतली वीज सांगाड्यात उतरू द्यायची नाही, एवढंच त्यांचं काम. एका अंगाला सिमेंटचा कारखाना आणि दुसऱ्या अंगाला खाडी, त्यामुळे त्या बशांवर राखाडी, खारट थर बसायचा. कोरडा असेतो तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण धुकं पडलं की थर ओला होतो, आणि वीज त्या ओल्या मळावरून वाट काढायला लागते. आधी चरचर, मग ठिणग्या, मग एकच धडाका आणि अर्धं शहर बंद. ते होऊ नये म्हणून आमचे साडू. लाइन बंद करून घ्यायची, बादली आणि फडकी घेऊन वर चढायचं आणि एकेक बशी वरून-खालून पुसून काढायची.

हे काम जणू त्यांच्यासाठीच निघालं होतं. आधी कोरडं फडकं, मग ओलं, मग पुन्हा कोरडं, आणि एकदा मळलेली बाजू दुसऱ्या बशीला लावायची नाही. त्यामुळे फडकी संपत. सकाळी मी खुर्चीत नीट मांडी घालतोय न घालतोय तोच ते खिडकीशी हजर.

“फडकी.”

“अहो साडूबुवा, काल तर दिली होती.”

“कालची काल मेली.”

यार्डातल्या तरुण पोरांनी त्यांचं नाव घासूमामा ठेवलं. ते त्यांना लागलं नाही. उलट कुणी नवीन साहेब आला की ते स्वतःच सांगत, मला घासूमामा म्हणतात. खांद्यावर फडकं टाकून ते घरी जात आणि घरीही ते खांद्यावरून उतरत नसे. पाहुण्याने कप उचलला की खालचं टेबल पुसलेलं असे. पाहुणा कप ठेवायला गेला की टेबल अजून ओलं असे. नाकावर माशी बसू न देणारी माणसं मी बघितली आहेत, पण हे माशी बसायच्या आधी नाक पुसणारे. माझी मेहुणी बिचारी म्हणायची, “या माणसाच्या तोंडून एकदा तरी ‘राहू दे’ ऐकायचंय मला, मग डोळे मिटले तरी चालतील.”

मग रबराचे इन्सुलेटर आले.

एकेक करून चिनीमातीचे उतरले आणि त्यांच्या जागी हे चढले. आतमधे काचेच्या धाग्यांची बळकट दांडी, तिच्यावर सिलिकॉन रबराचं आवरण, आणि त्या आवरणाला छत्र्यांसारख्या पातळ, मऊ चकत्या. वजनाला इतके हलके की मीसुद्धा एक उचलला, म्हणजे बघा. ते कसे हाताळायचे हे शिकवायला मुख्य कार्यालयातून एक इंजिनिअर मॅडम आल्या. वयाने आमच्या पोरींएवढ्या, बोलायला तुटक, आणि सारख्या घड्याळाकडे बघणाऱ्या. सगळ्यांना हॉलमधे बसवलं. साडू अर्थातच मागे उभे.

मॅडम म्हणाल्या, “एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हे धुवायचे नाहीत. पुसायचेही नाहीत.”

“आणि मळले तर?” साडूंनी मागून विचारलं.

“मळू देत.”

हॉलमधे हशा पिकला. सगळ्यांनी मागे वळून घासूमामांकडे पाहिलं. पुढे मॅडम का मळू द्यायचे ते समजावून सांगत होत्या, पण तोवर साडू दार उघडून बाहेर गेले होते. त्यांनी ते ऐकायला हवं होतं. मी ऐकलं, पण मला जेवणाची सुट्टी कधी होते याची जास्त काळजी होती, त्यामुळे माझंही ते पालथ्या घड्यावर पाणीच झालं.

त्यांना यार्डातच दुसरी कामं दिली. गवत काढा, पाट्या रंगवा, कुंपण बघा. पगार तोच, चढणं-उतरणं नाही. माझ्यासारख्याला स्वर्ग. ते मात्र हातात खुरपं घेऊन वर बघत फिरत. वरचे नवे इन्सुलेटर आधी राखाडी झाले, मग त्यावर काळपट पुटं चढली. ते माझ्या खिडकीशी येत आणि फडकी मागायची नाहीत हे आठवून तसेच उभे राहत.

“लाज वाटते हो,” ते म्हणत. “बाहेरून जाणारा माणूस काय म्हणेल? इथे कुणी माणसं आहेत की नाहीत?”

“बाहेरून जाणारा माणूस वर बघत नाही. तो रस्त्यातले खड्डे बघतो.”

पण माझं बोलणं त्यांच्या कानावरून जात असे. खिडकीची चौकट बोटाने पुसत ते निघून जात. तेव्हा मला वाटायचं की हे सगळं इन्सुलेटरचं आहे. पुढे घरचं प्रकरण समजलं तेव्हा कळलं की त्यांच्या डोक्यात दोन मळ एकत्र फिरत होते.

त्यांची मुलगी, चिंगी, दुसऱ्या गावी एका इस्पितळाच्या लॅबमधे होती. रक्त तपासायचं काम. हुशार, आणि हाताची बापासारखीच नेटकी. एका सकाळी तिच्या हातून दोन नळ्यांवरची नावं अदलाबदल झाली. एका बाईला दुसरीचा रिपोर्ट गेला आणि त्यावरून तिला नको ते औषध सुरू झालं. चूक लक्षात येईतो ती बाई अंथरुणाला खिळली होती. वाचली, पण फार हाल झाले तिचे. चौकशी झाली. एका माणसावर तिघांचं काम टाकलं होतं, त्यामुळे एकट्या मुलीला दोष देता येत नाही, असं त्या लोकांनी लिहून दिलं. कामावर परत ये म्हणाले. चिंगीने राजीनामा दिला आणि घरी आली.

घरी आली आणि बापाने तिला पुसायला घेतलं. दुसरा शब्द मला सुचत नाही. सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न, “नळ्या कोणी आणून दिल्या होत्या?” जेवताना, “तुझ्या टेबलाजवळ आणखी कोण होतं?” शेजारी आला की त्याच्यासमोर, “चूक आमच्या मुलीची नव्हतीच, लिहून दिलंय त्यांनी.” लॅबच्या मुख्य डॉक्टरांना हे फोन करायचे. ओळखीच्या एका वकिलाला घरी घेऊन आले. चिंगी गप्प राहायची आणि हे दुप्पट बोलायचे. ती एवढंच म्हणायची, “बाबा, नको ना.” हे म्हणायचे, “नको कसं? डाग लागलाय, तो काढायला नको?”

एके दिवशी ती बॅग घेऊन आमच्याकडे, मावशीकडे, आली. दारातच म्हणाली, “काका, थोडे दिवस राहू?”

मी म्हटलं, “राहा की. बसायला जागा भरपूर आहे, फक्त माझी खुर्ची सोडून.”

ती हसली नाही. आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. पुढे कळलं की लांबच्या देशात असलेल्या भावाकडे जायचं तिने ठरवलंय. तिकीट काढलेलं, पुढच्या महिन्याअखेरीचं. मेहुणी आमच्या स्वयंपाकघरात बहिणीच्या गळ्यात पडून रडली. “आता गेली तर ही परत यायची नाही. तिचा बाप तिला बोलू देत नाही आणि गप्पही राहू देत नाही.” त्यात खोटं काही नव्हतं. मी एरवी कुणाच्या संसारात नाक खुपसत नाही, त्यासाठी उठावं लागतं. पण त्या दिवसांत मलाही खुर्चीत चैन पडेना. पोरगी चहाचा कप हातात घेऊन बसायची आणि चहा गार होऊन जायचा. मी तीन वेळा पेपर उघडला तरी पान तेच.

आणि लेक घर सोडून गेल्यावर साडूंना धरबंध राहिला नाही. यार्डात एका बाजूची लाइन दुसऱ्याच दुरुस्तीसाठी बंद होती. माणसं खाली जेवायला गेली. साडूंनी घरून कपड्याची पावडर आणि फरशी घासायचा राठ ब्रश आणला होता. ते वर चढले आणि त्या बाजूचे सगळे इन्सुलेटर घासून काढले. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी बघितलंही नाही. संध्याकाळी जाताना ते माझ्या खिडकीशी आले. कितीतरी दिवसांनी चेहरा मोकळा दिसत होता. मला वर बघा म्हणाले. मी खिडकीतूनच मान वाकडी करून पाहिलं. त्या काळवंडलेल्या यार्डात एक रांग नव्यासारखी उठून दिसत होती.

“वा,” मी म्हणालो. मला काय कळतंय?

त्यानंतर कारखान्याची धूळ पडायची ती पडतच राहिली आणि मग एका पहाटे धुकं आलं. दाट, ओलं, खाडीकडचं. सगळ्या काळ्या रांगा गप्प उभ्या होत्या. घासलेल्या रांगेवर चरचर सुरू झाली, निळे धागे नाचायला लागले आणि धडाका होऊन ती बाजू बंद पडली. पाण्याचे पंप त्याच लाइनवर. सकाळी अर्ध्या शहराच्या नळाला पाणी नाही. आमच्याही नव्हतं. बायका बादल्या घेऊन रस्त्यावर आल्या आणि आमच्या मोठ्या साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला.

दुपारी मॅडम आल्या. पहाटेपासून धावपळ झाली असावी, डोळे लाल. त्या बाजूचे दोन इन्सुलेटर आणि शेजारच्या रांगेतला एक मळका इन्सुलेटर उतरवून ओट्यावर ठेवायला सांगितले. आम्ही सगळे भोवती जमलो. त्यांनी एका घासलेल्या चकतीवरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि विचारलं, “साबण कुणी लावला?”

साहेब इकडे-तिकडे बघायला लागले. पोरं जमिनीकडे. साडू पुढे झाले.

“मी.”

“कुणाच्या सांगण्यावरून?”

“कुणाच्या नाही. बघवलं नाही मला.”

साहेबांनी तोंड उघडलं आणि जे सुरू केलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मॅडमनी हात वर करून त्यांना थांबवलं. त्यांच्या पिशवीत झाडांवर पाणी मारायची असते तशी फवाऱ्याची बाटली होती. त्यांनी आधी मळक्या इन्सुलेटरवर पाणी मारलं. काळ्या, ओंगळ चकतीवर पाण्याचे गोल गोल मोती उभे राहिले आणि घरंगळून खाली पडले. मळ कोरडाच. मग त्यांनी घासलेल्यावर मारलं. पाणी पसरलं. सगळी चकती सपाट ओली झाली, ओल्या फरशीसारखी.

“आता बघा, मामा,” त्या म्हणाल्या. आवाज अजून तुटकच होता. “या रबराच्या आत एक पातळ, तेलासारखा अंश असतो. तो हळूहळू वर येतो. वर मळ बसला तर त्या मळातही शिरतो, आणि मग तो मळसुद्धा पाणी धरत नाही. मळावर पाणी मोती होऊन बसतं, त्यामुळे विजेला सलग ओली वाट मिळत नाही. तुम्ही घासून तो थरच काढलात. वर साबण राहिला, आणि साबण तर पाणी धरूनच ठेवतो. त्यावर पुन्हा नवी धूळ. मग धुक्यात काय होणार?”

साडू त्या ओल्या चकतीकडे बघत होते. त्यांचा हात खांद्यावरच्या फडक्याकडे गेला, तिथेच अडकला.

“आता मी काय करू?” त्यांनी विचारलं.

“काही नका करू.”

“काही नका म्हणजे?”

“साबण आम्ही साध्या पाण्याने काढून घेऊ. त्यानंतर हात लावायचा नाही. आतलं तेल आपोआप पुन्हा वर येतं. तेवढा वेळ त्याला द्यायचा.”

“किती वेळ?”

“येईल तेव्हा येईल, मामा. तुम्ही घासलं म्हणून लवकर येणार नाही, एवढं नक्की.” त्यांनी दुसरा इन्सुलेटर उजेडाकडे फिरवला. त्याच्या चकत्यांवर ब्रशचे बारीक ओरखडे होते. “हा मात्र गेला. ओरखडे भरून येत नाहीत. हा बदलावा लागेल.”

साडूंना लेखी ताकीद मिळाली. ती त्यांनी चार घड्या घालून खिशात टाकली, तिच्याबद्दल कधी बोलले नाहीत. त्यांना खाऊन गेला तो ओरखडे पडलेला इन्सुलेटर. “तिथे जोर जास्त लागला माझा,” एवढंच मला म्हणाले. “कडेचा होता. बाहेरून दिसायचा.”

मॅडमनी ओरखडे नसलेला इन्सुलेटर साबण काढून माझ्या स्टोअरमधे मांडणीवर ठेवायला लावला आणि फवाऱ्याची बाटली साडूंच्या हातात दिली. “रोज थोडं पाणी मारून बघायचं. बघायचं फक्त.” मला वाटतं ती शिक्षा होती. किंवा औषध. त्या बाईच्या चेहऱ्यावरून काही कळायचं नाही.

मग माझ्या स्टोअरची शांतता गेली. साडू सकाळी यायचे, पाणी मारायचे. चकती सपाट ओली व्हायची. त्यांची बोटं चुळबुळायची, ते हात पाठीमागे बांधायचे, पुन्हा सोडायचे. स्टोअरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेऱ्या मारायचे. एकदा मी बघितलं, खिशातून रुमाल निघाला होता.

“अंहं,” मी खुर्चीतून म्हणालो.

“टिपतोय फक्त.”

“टिपायचंही नाही.”

“तुम्हाला काय जातंय बोलायला? तुम्ही जन्मभर काही न करायची सवय केलीत.”

“म्हणून तर म्हणतो, या विषयातला जाणकार मीच आहे.”

ते चिडून निघून गेले. दुपारी पुन्हा आले. लेकीबद्दल एक शब्द विचारत नव्हते, पण मांडणीकडे बघता बघता मधेच म्हणायचे, “जेवते ना?” मी म्हणायचो, “थोडं.” पुन्हा फेऱ्या. घरी जाऊन मी चिंगीकडे बघायचो तर ती खिडकीपाशी बोटाने काच पुसत उभी असायची. बाप तसा, लेक तशी. तिकिटाचा दिवस जवळ येत होता आणि मला रात्री अन्न गोड लागत नव्हतं. माझ्यासारख्या माणसाला ही सगळ्यात मोठी खूण आहे.

मग एका सकाळी ते आले, पाणी मारलं आणि काही बोलले नाहीत. मला वाटलं गेले. पेपरावरून बघितलं तर ते वाकून उभे होते. चकतीच्या एका बाजूला पाण्याचे मोती उभे होते. सगळीकडे नाही. कडेला अजून पाणी सपाट पसरत होतं. पण एका बाजूला, कुणी काहीही न करता, पाणी थेंबाथेंबाने उभं होतं आणि हलवलं की पळत होतं.

साडू मागे सरकले आणि माझ्या शेजारच्या खोक्यावर बसले. बसले. मी इतका दचकलो की उभा राहिलो.

बराच वेळ ते तळहात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. मग म्हणाले, “मी चिंगीला काय करत होतो हो?”

मला गोड बोलता येत नाही. मी म्हणालो, “घासत होतात.”

त्यांनी मान हलवली. डोळे भरले होते. ते त्यांनी पुसले नाहीत.

“ओरखडे पडले असतील?”

“ते मला कसं कळणार? संध्याकाळी घरी या. पण एक अट आहे. फडकं आणायचं नाही आणि काही विचारायचं नाही.”

“मग बोलायचं काय?”

“काही नका बोलू. मी शिकवतो. बसायचं.”

ते आले. खांदा मोकळा होता, त्यामुळे माणूस अर्धवट कपडे घालून आल्यासारखा दिसत होता. आमच्या बैठकीतल्या टेबलाशी त्यांना बसवलं. चिंगी आतून आली आणि बापाला बघून दारातच थांबली. तिने तोंड घट्ट मिटलं. पहिला प्रश्न झेलायची तयारी होती ती. प्रश्न आला नाही. ती समोर बसली. आमच्या हिने चहा आणून ठेवला आणि मुद्दाम ठेवला की काय देव जाणे, पण बशी हिंदकळली आणि टेबलावर चहाचा ओघळ गेला. चांगला लांब, बापाच्या हातापर्यंत.

आम्ही चौघांनीही त्या ओघळाकडे पाहिलं. साडूंची बोटं उचलली, पुन्हा टेबलावर पडली. खांद्याकडे हात गेला, तिथे काही नव्हतं. तो हात त्यांनी मांडीखाली घातला आणि त्यावर बसले. मला हसू येत होतं. चिंगी बापाच्या त्या दडवलेल्या हाताकडे बघत होती. ओघळ हळूहळू टेबलाच्या कडेशी गेला आणि तिथे थांबला.

बाहेर कुणाची तरी सायकल गेली. ही मला भुवईने आत चला म्हणत होती. मी हललो नाही. उठायची मला सवय नाही.

“बाबा,” चिंगी म्हणाली. “चूक माझीच होती.”

साडूंनी श्वास घेतला. मला ठाऊक होतं त्या श्वासाच्या पुढे काय यायचं ते. ‘नाही गं, तुझी कशी, त्यांनी लिहून दिलंय’, हे त्यांनी शंभर वेळा म्हटलेलं मी ऐकलं होतं.

“कामाचा बोजा होता ते खरं,” ती म्हणाली. “पण त्या दिवशी मी नळीवरचं नाव वाचलं नाही. वाचल्यासारखं केलं आणि चिकटवलं. ते कुणी विचारलंच नाही मला. सगळे म्हणतात तुझी चूक नाही. तुम्ही तर सगळ्यांत जास्त. मग मी त्या बाईला तोंड कसं दाखवू? माफी तरी कशाची मागू?”

साडूंनी तो श्वास सोडून दिला.

“हं,” ते म्हणाले.

मग थोड्या वेळाने, “माझ्या हातूनही झाली. शहराचं पाणी गेलं त्या दिवशी. माझ्यामुळे.”

“तुमच्यामुळे?” चिंगी सरळ झाली. “इथेही नव्हतं पाणी. काका किती ओरडत होते.”

“ओरडू देत.”

ती हसली. अगदी थोडं, पण हसली. आणि मग तिला रडू फुटलं. कितीतरी दिवसांचं साठलेलं. साडू जागचे उठले नाहीत, तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले नाहीत, गप्प राहा म्हणाले नाहीत. हातावर बसून राहिले. आयुष्यात इतकं जड काम त्यांनी केलं नसेल, मी सांगतो. तिचं रडणं आपोआप ओसरलं. तिने गार झालेला चहा संपवला. मग म्हणाली, “त्या बाईंना भेटायचंय मला. एकटीला भीती वाटते.”

“बरं,” ते म्हणाले. कधी, कुठे, कसं, काही विचारलं नाही.

“आणि बाबा, माझी बॅग जड आहे. घरापर्यंत न्याल?”

साडू इतक्या घाईने उठले की खुर्ची मागे कोसळली. बॅग त्यांनी आतल्या खोलीतून आणली, नाडी ओढली, दोनदा खांदा बदलला, पुन्हा पहिल्या खांद्यावर घेतली. आमची ही धावत येऊन टेबल पुसायला लागली तर म्हणाले, “राहू द्या हो.” मेहुणी हे ऐकायला नव्हती, याचं मला फार वाईट वाटलं. दारातून त्यांनी एकदा मागे वळून त्या ओघळाकडे पाहिलं. मान फिरवली आणि लेकीच्या मागे जिना उतरून गेले.

ही माझ्याकडे वळून म्हणाली, “ऐकलंत ना? राहू द्या म्हणाले.” आणि पदर डोळ्यांना लावून ती आत गेली.

मी तसाच बसलो होतो. टेबलावर ओघळ वाळत चालला होता, कडेने तपकिरी रेघ पडायला लागली होती. दुसरीकडे बघितलं तरी नजर तिथेच जायची. शेवटी मीच उठलो आणि फडकं शोधायला लागलो.